तीन पत्तीवाल्यांना पोकरची भाषा: कोणता शब्द कुठे अडवतो

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात एका घरी आठ जणांनी नुसत्या चिप्सवर टेक्सास होल्डेम, म्हणजे पोकरचा एक प्रकार, सुरू केलंय. सगळे लहानपणापासून तीन पत्ती खेळत आलेले. तिसऱ्याच बैठकीत वाजलं. एकानं ‘मी ब्लाइंड आहे’ म्हणून निम्म्याच चिप्स टाकल्या, दुसऱ्यानं मध्येच शो मागितला आणि शेवटी सिक्वेन्सवाल्यानं कलरवाल्याचा पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, ओढून नेला. त्यात दोघे जण ‘नट्स’, ‘कूलर’, ‘गटशॉट’, ‘थ्री-बेट’ असं बोलतात, ते बाकीच्यांना समजत नाही. यातले कोणते शब्द आधी शिकायचे?

आधी ते शब्द शिका जे तुम्हाला येतात असं वाटतंय. ‘गटशॉट’ न कळल्यानं फार तर गप्प बसावं लागेल. ‘ब्लाइंड’ चुकीचा कळला तर अख्खा डाव मोडतो.

तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणारा माणूस, आणि तो बघणाऱ्याच्या निम्मी चाल देतो. पोकरमध्ये ब्लाइंड हा माणूस नाही, ती रक्कम आहे. पत्ते वाटण्याआधी बटणाच्या (वाटणाऱ्याची जागा दाखवणारी खूण, ती दर डावाला पुढे सरकते) डावीकडच्या पहिल्यानं स्मॉल ब्लाइंड आणि त्याच्या डावीकडच्यानं बिग ब्लाइंड भरायचा, उदाहरणार्थ १० आणि २०. पुढे प्रत्येकानं यायचं तर पूर्ण २० भरूनच यायचं, पत्ते बघितलेले असोत वा नसोत. तुमच्या ओळखीच्या ‘बूट’ला इथे ‘अँटी’ म्हणतात: सगळ्यांनी डावाआधी टाकायची सारखी रक्कम. घरगुती खेळात ती बहुतेक नसतेच, ब्लाइंडवर भागतं. आणि न बघता पैसे लावायची हौस असेलच तर त्याला ‘स्ट्रॅडल’ आहे. बिग ब्लाइंडच्या पुढच्यानं पत्ते मिळण्याआधीच दुप्पट, म्हणजे ४०, लावायचे. त्या डावापुरता तोच मोठा ब्लाइंड ठरतो आणि फ्लॉपआधी, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते उघडण्याआधी, बोलायची शेवटची पाळी त्याची. ही मुभा द्यायची की नाही हे बैठक सुरू होण्याआधी ठरवा. नवख्या टेबलावर नकोच. ब्लाइंड एका फटक्यात दुप्पट होतात आणि चिप्स लवकर संपतात.

सगळ्यांनी नुसते २० भरले आणि फेरी बिग ब्लाइंडपाशी आली, की त्याचे पैसे आधीच भरलेले असले तरी त्याला रेझ करायचा, म्हणजे रक्कम वाढवायचा, हक्क असतो. याला ‘ऑप्शन’ म्हणतात. नवीन टेबलावर फ्लॉप घाईनं उघडला जातो तो इथेच. दोघंच उरले, म्हणजे ‘हेड्स-अप’ असेल, तेव्हा बटणवाला स्मॉल ब्लाइंड भरतो. तो फ्लॉपआधी पहिल्यांदा बोलतो आणि फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत शेवटी.

पॅक म्हणजे फोल्ड, डाव सोडणं, हे सरळ आहे. ‘चाल’ मात्र टेबलावरून काढूनच टाका. तीन पत्तीत चाल म्हणजे पुढे राहणं, मग ती तेवढीच असो वा वाढवलेली. पोकरमध्ये त्याचे तीन वेगळे शब्द होतात: आधी कुणीच लावलं नसताना लावणं ही बेट, लावलेल्याएवढंच भरणं हा कॉल, त्यावर वाढवणं हा रेझ. काहीच न लावता पाळी पुढे देणं हा ‘चेक’ आणि तो तीन पत्तीत नाहीच. साइड शोही पोकरमध्ये नाही. शेजाऱ्याला पत्ते दाखवणं इथे सरळ नियमभंग आहे, कारण एका हातावर एकाच माणसानं डोकं चालवायचं असतं.

आता कलर (सगळे पत्ते एका रंगाचे) आणि सिक्वेन्स (ओळीनं येणारे पत्ते). तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. जे दुर्मीळ ते मोठं, म्हणून तीन पत्तीत सिक्वेन्स वर. पाच पत्त्यांचे हात होतात २५,९८,९६० आणि त्यांत कलर, म्हणजे फ्लश, ५,१०८ तर सिक्वेन्स, म्हणजे स्ट्रेट, १०,२००. इथे कलर दुर्मीळ झाला, म्हणून फ्लश स्ट्रेटला मारतो. होल्डेममध्ये सात पत्त्यांतून (दोन हातातले, पाच मधले) पाच निवडतात, तरी या दोघांचा क्रम तोच राहतो. तुमच्या त्या बैठकीतला पॉट कलरवाल्याचा होता.

ट्रेलचं, म्हणजे तीन सारख्या पत्त्यांचं, तर आणखी अवघड. तीन पत्तीतला राजा हात इथे स्ट्रेट, फ्लश, फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी), चार सारखे आणि स्ट्रेट फ्लश (एका रंगाची रांग) या सगळ्यांच्या खाली बसतो. तीन एक्के हातात धरून बेधडक चिप्स ढकलणारा तीन पत्तीवाला टेबलावर लगेच ओळखू येतो. आणि एक्का-दुर्री-तिर्री ही तुमच्याकडे दोन नंबरची रांग. पोकरमध्ये एक्का ते पंजी ही सगळ्यांत लहान स्ट्रेट आणि तिला ‘व्हील’ म्हणतात. दश्शी ते एक्का ही सगळ्यांत मोठी, ती ‘ब्रॉडवे’. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री असं वळसा घालून जाता येत नाही. रंगांत उच्चनीच नाही. इस्पिक बदामाला मारत नाही. हात सारखे तर पॉट निम्मा-निम्मा. तो ‘चॉप’, म्हणजे कुस्ती बरोबरीत सोडवली असं समजा.

शब्दांचा दुसरा गट तोंडातून निघताच बांधून टाकणारा आहे. पोकरमध्ये आपल्या पाळीला बोललेलं परत घेता येत नाही. ‘रेझ’ म्हणालात की रेझ झाला, पुढे तुम्ही फक्त आकडा सांगायचा. म्हणून कोल्हापुरी टेबलावर एक गोष्ट आधी पक्की करा: चेक, बेट, कॉल, रेझ, फोल्ड, ऑल-इन (समोरच्या सगळ्या चिप्स लावणं) एवढेच शब्द चालतील. आपण सवयीनं ‘बघतो की’, ‘येऊ दे’, ‘चल’ म्हणतो. ‘बघतो’ म्हणजे कॉल, की पत्ते बघतोय? ‘येऊ दे’ म्हणजे चेक, की कॉल, की समोरच्याला दिलेलं आव्हान? बोलणारा एक अर्थ धरतो, ऐकणारा दुसरा. ती व्यक्ती काय म्हणाली यावर पाच मिनिटं जातात आणि तोवर कुणाचा तरी हात उघड झालेला असतो.

याच गटातला ‘स्ट्रिंग बेट’. काही न बोलता आधी थोड्या चिप्स ठेवायच्या, समोरच्याचा चेहरा बघायचा, मग परत हात नेऊन आणखी ठेवायच्या, हे चालत नाही. पहिल्या खेपेला पुढे गेलं तेवढंच धरतात. सिनेमात ‘तुझे शंभर, आणि वर हे पाचशे’ म्हणतात, तो खऱ्या टेबलावर शंभराचा कॉलच धरला जातो. ‘तुझे शंभर’ म्हटलं तिथेच वाक्य संपलं. एकच मोठी चिप टाकण्याचा नियमही पाठ करा. समोर २० ची बेट आहे आणि तुम्ही मुकाट १०० ची एक चिप टाकली, तर तो कॉल, ८० परत मिळतात. वाढवायचं होतं तर चिप टेबलाला लागण्याआधी ‘रेझ’ म्हणायला हवं होतं. पण कुणीच काही लावलेलं नसताना तीच चिप मुकाट टाकली तर ती १०० ची बेट. गोव्यातल्या कॅसिनोच्या टेबलावर बसायचं मनात असेल तर हे घरीच अंगवळणी पाडा. तिथला डीलर समजावून सांगत बसत नाही, निर्णय देऊन मोकळा होतो.

रेझ किती करायचा? किमान, आधीची वाढ होती तेवढी. बिग ब्लाइंड २०, एकानं ६० केले, म्हणजे वाढ ४०. पुढच्याला वाढवायचं तर किमान १००. ऑल-इनवाल्याकडे पुरेशा चिप्स नसतील तर तो कमी भरू शकतो, पण त्या अपुऱ्या वाढीनं आधी बोललेल्यांना पुन्हा रेझची दारं उघडत नाहीत. एकानं १०० लावले, दुसऱ्यानं कॉल केला, तिसरा १५० वर ऑल-इन झाला, तर पहिल्या दोघांनी ५० भरायचे किंवा फोल्ड व्हायचं, बस.

‘टेबल स्टेक्स’ हा शब्द ऐकून लोक सोडून देतात, पण निम्मे वाद यानंच मिटतात. डाव सुरू झाला तेव्हा तुमच्यासमोर जेवढ्या चिप्स होत्या, त्या डावात तेवढ्याच. मध्येच खिशात हात नाही, उधारी नाही, शेजाऱ्याकडून घेणं नाही. चिप्स अपुऱ्या पडल्या म्हणून कुणी डावाबाहेरही जात नाही. तो आपल्यापुरत्या पॉटला उभा राहतो. यातूनच ‘साइड पॉट’ जन्मतो. तिघे ऑल-इन झाले, पहिल्याकडे ५००, दुसऱ्याकडे १,२००, तिसऱ्याकडे २,०००. सगळ्यांत लहान रकमेपासून मोजायचं. प्रत्येकाचे ५०० घेऊन १,५०० चा मेन पॉट झाला, त्यावर तिघांचा दावा. उरलेल्यांतून दुसऱ्या-तिसऱ्याचे ७००-७०० मिळून १,४०० चा साइड पॉट, त्यावर दोघांचाच. तिसऱ्याचे ८०० कुणीच भरलेले नाहीत, ते त्याला लगेच परत. पत्ते उघडल्यावर आधी साइड पॉटचा निकाल लावायचा, मग मेनचा. उलट केलं की चिप्सचा ढीग एकत्र होतो आणि मग कुणालाच हिशोब लागत नाही.

आता जे शब्द ऐकून गोंधळ होतो ते. दोन पत्ते हातात, मग मधोमध तीन उघडतात तो फ्लॉप, चौथा टर्न, पाचवा रिव्हर. प्रत्येक वेळी उघडण्याआधी कॅटमधला वरचा एक पत्ता उपडाच बाजूला सारायचा, तो ‘बर्न’. वरच्या पत्त्यावर खूण असली तरी फायदा होऊ नये म्हणून ही सोय. बसण्याच्या जागांनाही नावं आहेत: बिग ब्लाइंडच्या पुढचा ‘अंडर द गन’, कारण फ्लॉपआधी सगळ्यांत पहिल्यांदा, काही माहिती नसताना त्यालाच बोलावं लागतं. बटणाच्या आधीचा ‘कटऑफ’, त्याच्या आधीचा ‘हायजॅक’. बटण सगळ्यांत चांगली जागा, फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी शेवटी बोलायला मिळतं. एक्का-नव्वी अंडर द गन बसून टाकून द्यावी आणि तीच बटणावर, आधी कुणी आलेलं नसताना, रेझ करावी. पत्ते तेच, माहिती वेगळी.

‘थ्री-बेट’मध्ये तीन का? बिग ब्लाइंड ही पहिली बेट, पहिला रेझ ही दुसरी, त्यावरचा रेझ तिसरी. त्यावर आणखी कुणी वाढवलं तर फोर-बेट. फ्लॉपआधी ज्यानं शेवटचा रेझ केला त्यानंच फ्लॉपवर पुन्हा लावलं तर ती ‘सी-बेट’. उलट, जो फक्त कॉल करून आला होता त्यानं पाळी आधी आहे म्हणून त्याच्या तोंडावर बेट लावली, तर ती ‘डाँक बेट’. फ्लॉपआधी रेझ न करता नुसता बिग ब्लाइंड भरून येणं म्हणजे ‘लिंप’. तीन पत्तीवाले लिंप फार करतात, ‘बघूया तरी’ म्हणून. आठ जणांत सहा लिंप झाले की कुणाकडे काय आहे याचा पत्ताच लागत नाही आणि एक्क्यांची जोडीही पाच जणांपुढे उघडी पडते.

‘सेट’ आणि ‘ट्रिप्स’ दोन्ही तीन सारखेच, तरी जाणकार शब्द वेगळे वापरतात आणि त्याला कारण आहे. हातात अठ्ठीची जोडी आणि मध्ये एक अठ्ठी, हा सेट. हातात एक अठ्ठी आणि मध्ये दोन, ही ट्रिप्स. सेट लपलेला असतो, समोरच्याला मध्ये एकच अठ्ठी दिसते. ट्रिप्समध्ये जोडी सगळ्यांसमोर पडलेली असते आणि चौथी अठ्ठी दुसऱ्याकडे असली तर निकाल किकरवर जातो. हातातल्या जोडीचा फ्लॉपवर सेट किंवा त्याहून मोठा हात होण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा.

किकर म्हणजे जोडीबरोबरचा निर्णायक पत्ता. पण तो पाच पत्त्यांत बसला तरच मोजायचा. मध्ये एक्का, राजा, गुलाम, नव्वी, चव्वी आहेत, तीन एका रंगाचे नाहीत. एकाकडे राजा-छक्की, दुसऱ्याकडे राजा-तिर्री. ‘माझी छक्की मोठी’ म्हणून पहिला पॉट ओढणार, पण दोघांचेही पाच पत्ते राजा-राजा-एक्का-गुलाम-नव्वी असेच होतात. छक्की सहावी, तिला किंमत नाही. चॉप.

‘नट्स’ म्हणजे त्या क्षणी शक्य असलेला सगळ्यांत मोठा हात. मध्ये बदाम राजा, बदाम नव्वी, बदाम चव्वी, चौकट सत्ती असेल तर बदाम एक्का आणि आणखी एक बदाम ज्याच्याकडे, त्याचे नट्स. रिव्हरवर किलवर नव्वी आली की त्याचे नट्स गेले. आता नव्वीची जोडी धरून बसलेल्याच्या चार नव्व्या सगळ्यांत वर, आणि फुल हाउसही फ्लशच्या पुढे. मधल्या पत्त्यांत जोडी पडली की फ्लशवाल्यानं हात आखडता घ्यावा, हे नवख्याला सगळ्यांत उशिरा पटतं.

सगळ्यांत कामाचा शब्द माझ्या मते ‘आउट्स’. तुमचा हात पुरा करणारे उरलेले पत्ते. चार बदाम आहेत, पाचवा हवा: तेरांतले चार गेले, नऊ आउट्स. सहा-सात-आठ-नऊ आहेत, पंजी किंवा दश्शी कुठलीही चालेल: आठ आउट्स, हा ‘ओपन-एंडेड’. सहा-सात-नऊ-दहा आहेत, मधली अठ्ठीच हवी: चार आउट्स, हाच तो ‘गटशॉट’, पोटात भोक पडलेली रांग. फ्लॉपवर असताना आउट्सला चारनं गुणा, टर्नवर असताना दोननं, म्हणजे टक्केवारी जवळपास मिळते. फ्लश ड्रॉ, म्हणजे चार एका रंगाचे आणि पाचवा हवा, फ्लॉपवर ३५ टक्के, चारनं गुणून ३६ येतात. गटशॉट १६.५ टक्के. फ्लश आणि ओपन-एंडेड एकदम असेल तर नऊ अधिक आठ सतरा होत नाहीत. दोन पत्ते दोन्हीकडे मोजले जातात, म्हणून पंधरा. तेवढे असले तर दोन पत्त्यांत पुरा होण्याची शक्यता ५४ टक्के. एक सावधगिरी: चारनं गुणणं तेव्हाच खरं, जेव्हा टर्न आणि रिव्हर दोन्ही बघायला मिळणार, म्हणजे ऑल-इन झालेलं असताना. टर्नवर पुन्हा पैसे भरावे लागणार असतील तर एका पत्त्याचाच हिशोब करा.

त्या टक्केवारीशी ‘पॉट ऑड्स’ ताडून बघायचे. टर्नवर पॉट ३००, समोरच्यानं १५० लावले. तुम्ही १५० भरलेत तर पॉट ६०० होतो. १५० भागिले ६००, म्हणजे २५ टक्के. फ्लश ड्रॉ एका पत्त्यात ४६ पैकी ९, म्हणजे १९.६ टक्के. भाव महाग पडतोय, सोडा. त्यानं ६० च लावले असते तर ६० भागिले ४२०, सुमारे १४ टक्के, खुशाल कॉल. महाग असूनही कॉल करायचं एकच रास्त कारण: पत्ता लागला तर रिव्हरवर समोरच्याकडून आणखी बरंच मिळेल. ते ‘इम्प्लाइड ऑड्स’. समोरच्याकडे चिप्सच उरल्या नसतील तर हे कारण लागू नाही. ‘बॅकडोर’ किंवा ‘रनर-रनर’, म्हणजे टर्न आणि रिव्हर दोन्ही हवेच असले फ्लश, सुमारे चार टक्के लागतात. त्यांच्या भरवशावर मोठी बेट कॉल करू नका.

हरण्याचे शब्द दोन, आणि ते वेगळे ठेवावेत. पैसे आत गेले तेव्हा तुम्ही बरेच पुढे होता आणि नंतरच्या पत्त्यानं मारलं, तो ‘बॅड बीट’. हातात राजांची जोडी आणि समोर एक्क्यांची, दोघांचेही पैसे जाणारच होते, तो ‘कूलर’. एक्के लहान जोडीपुढेही साधारण पाचांत एकदा हरतात, त्यात कुणाचा कट नसतो. अशा हरण्यानं डोकं फिरून वाटेल ते खेळणं म्हणजे ‘टिल्ट’. हा शब्द पिनबॉलच्या यंत्रातून आला, जास्त हलवलं की ते यंत्र बंद पडायचं. टिल्ट झालेल्यानं दोन फेऱ्या उठून बाहेर जावं, हा उपाय खात्रीचा.

माणसांची नावं कामापुरती: ‘निट’ अगदी भारी पत्ते आल्याशिवाय हलत नाही, त्यानं रेझ केला तर जोडी टाकून द्या. ‘कॉलिंग स्टेशन’ कशालाही कॉल करतो, त्याच्यापुढे ब्लफ मारू नका, चांगल्या हातावर मात्र मोठी बेट लावा. ‘फिश’ म्हणजे कच्चा खेळाडू. तो शब्द त्याच्या तोंडावर वापरू नये, तुमच्यासारख्या घरच्या टेबलावर तर अजिबातच नाही. पत्त्यांची टोपणनावं आली नाहीत तरी चालतं: दोन अठ्ठ्या ‘स्नोमेन’, दोन दुर्ऱ्या ‘डक्स’, एक्का-राजा ‘बिग स्लिक’. दश्शी-दुर्रीला ‘डॉयल ब्रन्सन’ म्हणतात, कारण त्या नावाच्या खेळाडूनं १९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षं वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मुख्य सामना याच हातानं संपवला.

‘रेक’ म्हणजे पॉटमधून घर चालवणाऱ्यानं काढलेला वाटा. हा शब्द कळून घ्या आणि घरी कधीच वापरात आणू नका. जागेच्या मालकानं डावामागे वाटा काढला की १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात ती जागा अड्डा ठरू शकते. पैसे लावून ऑनलाइन खेळण्याला २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे, खेळ कौशल्याचा असला तरी. तुम्ही नुसत्या चिप्सवर खेळता ते तसंच ठेवा.

राहिला ‘शो’. तीन पत्तीत तो पैसे भरून मागतात. पोकरमध्ये रिव्हरची बेटिंग संपली की दाखवणं आपोआप येतं, त्याला ‘शोडाउन’. रिव्हरवर शेवटची बेट किंवा रेझ ज्याचा, त्यानं आधी दाखवायचं. कुणीच लावलं नसेल तर बटणाच्या डावीकडून सुरुवात. हरलेल्याला न दाखवता पत्ते उपडे सारता येतात, तो ‘मक’. एकदा टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात मिसळलेला हात मेला. जिंकलेला हात असूनही ‘तू जिंकलास’ ऐकून पत्ते फेकले तर पॉट गेला. म्हणून दोन्ही पत्ते उताणे ठेवून, पॉट आपल्याकडे सरकेपर्यंत त्यांवरून हात काढू नका. आणि नट्स हातात असताना समोरच्याला आशेवर ठेवून मुद्दाम रेंगाळत दाखवणं, म्हणजे ‘स्लो रोल’, हे या खेळातलं सगळ्यांत वाईट वागणं मानतात. ‘स्लो प्ले’ वेगळा: चांगला हात आहे हे लपवून बेटिंगच्या वेळी नुसतं चेक-कॉल करत राहणं. तो डावपेच आहे, तो खुशाल करा.